शेजारची सीट

लखनौत मला ओळखणाऱ्यांना माझ्याविषयी दोन गोष्टी हमखास माहीत असतात. मी रेल्वेत सिग्नल खात्यात इंजिनिअर आहे, आणि माझ्याकडे ‘ती’ गाडी आहे. एखाद्या लग्नात किंवा ऑफिसच्या पार्टीत कुणी ना कुणी विचारतंच, अशी गाडी तुम्हाला लखनौत मिळाली कुठे? मी सांगतो, तेलीबागेत हवाई दलातले एक रिटायर्ड अधिकारी होते, त्यांच्याकडून घेतली, नशिबानं मिळाली. मग मी लगेच इंजिनकडे वळतो. समोरच्याला इंजिनात काही रस नसला तरी वळतो. त्या अधिकाऱ्यांविषयी त्यानं आणखी काही विचारू नये, एवढंच मला हवं असतं.

गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. मिरजेत आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. वडील मालगाडीवर गार्ड होते आणि घरात एका सायकलीशिवाय वाहन नव्हतं. गावात दातांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे बाहेरच्या बाकावर इंग्रजी मासिकं पडलेली असत आणि त्यांत परदेशी गाड्यांचे फोटो. मी दाढ दुखते म्हणून दोनदा तिथे जाऊन बसलो. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी तोंड उघडायला न सांगता मासिकच हातात दिलं आणि घरी पाठवलं. सांगलीच्या रस्त्यावर उभं राहून, डोळे मिटून, येणारी गाडी कुठली ते मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो. वर्गातल्या मुलांना ते खोटं वाटायचं. खोटं नव्हतं.

पुढे नोकरी, लग्न, मुलगी. गाड्या घेतल्या त्या सगळ्या चार दारांच्या आणि मोठ्या डिकीच्या, मिरजेला जाताना तिघांचं सामान मावेल अशा. त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण रस्त्यानं काही वेगळं गेलं की माझं बोलणं अर्धवट तुटायचं. बायको मग मुलीला म्हणायची, “थांब, बाबांचं वाक्य गाडीबरोबर गेलं.” मुलगी म्हणायची, “बाबा, आप भी ना!” तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

आमचं घर लखनौच्या महानगर भागात. माझ्या गाडीचं काम करणारे मिस्त्री चिनहटच्या औद्योगिक भागात. साठीचा, कमी बोलणारा माणूस. एका जानेवारीत मी ऑइल बदलायला गेलो होतो, तेव्हा ते हात पुसत म्हणाले, “साहब, आपके महाराष्ट्र के एक बुज़ुर्ग हैं तेलीबाग में। फ़ौजी आदमी। गाड़ी बेच रहे हैं। आप देख आइए, फिर रात की नींद की ज़िम्मेदारी मेरी नहीं।”

त्याच रविवारी मी बायकोला घेऊन तेलीबागेत गेलो.

घर साधं, एकमजली, पुढे पेरूचं झाड. दार उघडणारे गृहस्थ उंच, ताठ, ऐंशीच्या जवळ आलेले. हवाई दलात त्यांनी विमानांच्या इंजिनांचं काम केलेलं. मूळचे नागपूरचे. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, एकुलती मुलगी नागपुरात. मी मराठीत नमस्कार केला तसे त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे स्नायू सैल झाले. “या ना, या. किती दिवसांनी मराठी ऐकून राहिलो मी,” ते म्हणाले. मी त्यांना पहिल्या मिनिटापासून काका म्हणू लागलो.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. त्यांनी कव्हर ओढलं.

दोन दारांची, बुटकी, जपानी स्पोर्ट्स कार. परदेशातून परतलेल्या कुणा डॉक्टरांनी सामानाबरोबर आणलेली, त्यांच्याकडून काकांनी निवृत्तीनंतर घेतलेली. कंपनीनं त्या मॉडेलच्या मोजक्याच गाड्या अशा काढल्या होत्या. रंग ढगाळ निळा, जो पुन्हा कुठल्या गाडीला दिलाच नाही. डॅशबोर्डवर बोटभर रुंदीची धातूची पट्टी, तिच्यावर या गाडीचा क्रमांक कोरलेला, एक्केचाळीस. आणि सीट. गडद लाल कापडाच्या, त्या कापडातच विणलेली बारीक खूण. फाटल्या तर जगात कुठे मिळणार नाहीत अशा. मासिकात मी हीच गाडी पाहिली होती असं म्हणणं खोटं होईल, कारण ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघाली. पण मी वाकून दारावर हात ठेवला तेव्हा मला त्या दातांच्या दवाखान्यातला बाक आठवला.

काकांना गाडी विकायची नव्हती, विकावी लागत होती. डोळ्यांच्या मधोमध दिसेनासं झालं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. लायसन्स संपलं, ते पुन्हा मिळणार नव्हतं. एक दलाल घरी येऊन गेला होता आणि काका मला त्याच्यापेक्षा कमीतच द्यायला तयार होते. अट एकच होती.

“महिन्यातून एक रविवार,” ते म्हणाले. “मला घेऊन जायचं. मी शेजारी बसीन. चालवणार तूच. मी फक्त ऐकीन.”

“काका, एक काय, दर रविवारी नेतो,” मी म्हणालो.

“दर रविवारी नको. एकच. पण तो चुकवायचा नाही.”

मी हात पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. बायको शेजारीच उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं.

गाडी आली. ऑफिसात खरेदी कळवावी लागते, त्या फॉर्मवर मी ‘जुनी कार, दोन दारांची’ एवढंच लिहिलं. त्रेपन्नाव्या वर्षी सरकारी माणसानं स्पोर्ट्स कार घेतली हे साहेबांना कळायला नको, असं मला वाटलं होतं. ती लाज किरकोळ होती, आणि पंधरा दिवसांत गेलीही, कारण साहेबच खाली येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले.

फेब्रुवारीतला पहिला रविवार अतिशय छान गेला. काका इस्त्रीचा शर्ट, गळ्याभोवती मफलर अशा थाटात फाटकाशी उभे होते. बुटक्या गाडीत बसायला त्यांना वेळ लागला. आधी पाठ, मग एक पाय, मग हातानं उचलून दुसरा. आम्ही किसान पथावर गेलो. सकाळी तो बाहेरचा रस्ता रिकामा असतो, दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं. काका डोळे मिटून बसले होते.

“तिसऱ्यातच ठेव. आणखी. आणखी. आता ऐक.”

मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर त्या इंजिनाचा आवाज बदलतो. खालचा घोगरेपणा जातो आणि आवाज एकदम मोकळा होतो. मला ते ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितल्यावर ते जास्त ऐकू आलं. परतताना आम्ही टपरीवर मातीच्या कुल्हडात चहा प्यालो. काका म्हणाले, “माझी बायको या सीटवर बसून स्वेटर विणायची. मी ऐंशीच्या वर नेली का ती टाके मोजणं बंद करायची, त्यावरून मला स्पीड समजायची.”

त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की ही अट नसती तरी मी त्यांना नेलं असतं. मी ते मनापासून बोललो होतो.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. परतीच्या वाटेवर मला काकांचा थोडा राग आला होता. “क्लचवर पाय ठेवून बसू नको.” “गिअर इतक्या लवकर काहून बदलतो?” “खड्डा आहे, उजवीकडून घे.” त्यांना खड्डा दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते पाठ होतं. गाडी माझी होती, कागदावर माझं नाव होतं, आणि तरी ती तेच चालवत होते. मला वाटलं, महिन्यात एकच रविवार आहे, चालेल. म्हणजे पहिल्याच महिन्यात मी तो रविवार मोजायला लागलो होतो.

मधल्या दिवसांत मी गाडीच्या मागे लागलो. रोज ऑफिसातून आलो की तासभर. सीटचं कापड मी जुन्या टूथब्रशनं, फेसानं, इंचाइंचानं साफ केलं. तो लाल रंग आतून उजळून वर आला. बायको खिडकीतून बघत होती. “मुलीचे केस इतक्या मायेनं कधी विंचरले नाहीत तुम्ही,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

मार्चमधला रविवार आला.

पुन्हा किसान पथ. ऊन अजून कोवळं होतं. काका त्या दिवशी फारसं काही बोलत नव्हते, सूचनाही देत नव्हते, आणि मला ते बरं वाटत होतं. अर्ध्या तासानं ते म्हणाले, “जरा थांबव ना रे. बाथरूमला जायचं आहे.”

समोर लांबलचक, सरळ, रिकामा पट्टा होता. त्या पट्ट्यासाठीच मी तिथवर आलो होतो. मागे एक ट्रक होता. आता थांबलो तर तो पुढे जाणार आणि मग त्याच्या मागेच राहावं लागणार.

“पुढे पेट्रोल पंप आहे काका, दोनच मिनिटं,” मी म्हणालो.

पंप होता, पण दोन मिनिटांवर नव्हता. मला ते माहीत होतं. मी गाडी तिसऱ्यात टाकली आणि आवाज मोकळा झाला. काकांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. मला वाटलं, वेगाची मजा घेताहेत. नाही, हेही खरं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

थोड्या वेळानं ते अगदी हळू म्हणाले, “आता राहू दे.”

मला आधी अर्थ लागला नाही. मग वास आला.

मी गाडी कडेला घेतली. उतरलो, पलीकडे गेलो, त्यांचं दार उघडलं आणि त्यांना हात देऊन बाहेर काढलं. इथवर ठीक. त्यानंतर मी जे केलं ते मला रोज दिसतं. मी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं केलं, डिकीतून कापड आणि फेसाची बाटली काढली, त्यांच्याकडे पाठ केली आणि सीटवर वाकलो.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. शेजारून ट्रक जात होते. एक मोटरसायकल हळू झाली. नवरा, बायको, मध्ये एक मूल. त्यांनी ओल्या पँटमधल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते पुढे गेले. मी घासत होतो. माझा श्वास रागानं जोरात चालला होता आणि तो त्यांना नक्की ऐकू जात असणार. त्यांचे कान चांगले होते.

मागून त्यांचा आवाज आला. “पाणी जास्त नको मारू. आत स्पंजमध्ये जाते मग. कोरड्या फडक्यानं दाब. घासू नको, दाब.”

मी दाबलं. त्यांचं बरोबर होतं.

मग मी डिकीत शोधाशोध केली. लाँड्रीतून आलेल्या कोटावरचा प्लॅस्टिकचा लांब कागद होता, तो सीटवर पसरला आणि म्हणालो, “बसा.” काका म्हणालो नाही, नुसतं बसा. ते बसले. आधी पाठ, मग एक पाय, मग हातानं उचलून दुसरा. तेलीबागेपर्यंत प्रत्येक वळणावर ते प्लॅस्टिक चुरचुरत होतं.

फाटकाशी ते म्हणाले, “कव्हर निघत असेल तर काढून दे. मी धुऊन देतो हातानं.”

“नाही निघत. राहू द्या,” मी म्हणालो आणि फाटक उघडून द्यायलाही उतरलो नाही.

घरी बायकोनं विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, छान. दुपारभर मी दारं उघडी टाकून सीटला पंखा लावून बसलो. संध्याकाळपर्यंत वास गेला. डाग असा पडलाच नव्हता.

एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी मी काकांना फोन करून सांगितलं, इन्स्पेक्शन आहे, आज जमणार नाही. इन्स्पेक्शन होतं, पण रविवारी नव्हतं. “हरकत नाही,” ते म्हणाले. मे महिन्यात मला दुसरं कारण सुचेना. मी म्हणालो, “क्लच गेलाय काका. पार्ट मिळत नाही. गाडी चिनहटला मिस्त्रींकडे उभी आहे.”

“क्लच? एवढ्यात?” ते विचारात पडले. “अर्धा दाबून ठेवत असशील तू. दिल्लीत विचारलं का?”

“विचारलं. नाही मिळत.”

“बरं. बघतो मी,” ते म्हणाले.

बघतो मी, याचा अर्थ काय असेल याचा मी विचार केला नाही. त्या रविवारी सकाळी मी ऑफिसातल्या एका मित्राला घेऊन बाराबंकीपर्यंत जाऊन आलो. तो वजनानं जड माणूस, त्यानं त्या सीटवर बसून समोसे खाल्ले आणि मी त्याला काही म्हणालो नाही.

आठवड्यानं मी चाकांचं काही काम होतं म्हणून चिनहटला गेलो. मिस्त्री नेहमी बाहेर येऊन गाडी आत घ्यायला सांगतात. त्या दिवशी ते बसल्या जागेवरून उठले नाहीत.

“साहब, वो बुज़ुर्ग आए थे।”

“कौन बुज़ुर्ग?” मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

“तेलीबाग वाले। मंगल को। भरी दोपहर में, इस लू में। पहले चारबाग का ऑटो, फिर पॉलिटेक्निक का, फिर यहाँ तक टेम्पो। तीन सवारी बदलकर आए थे, और उन्हें सामने का दिखता नहीं।” ते उठले, आतल्या कपाटातून त्यांनी पुठ्ठ्याचा एक चपटा डबा काढला आणि बाकावर ठेवला. “ये लाए थे। बोले, क्लच प्लेट है, नई है, बरसों से सँभालकर रखी थी, घर में ढूँढने में चार दिन लग गए। बोले, लगा दीजिए, लड़के की गाड़ी खड़ी है।”

लड़के की, म्हणजे माझी.

“आपने क्या कहा?”

“मुझे क्या मालूम था साहब? मैंने कहा, कौन-सा क्लच? गाड़ी तो एकदम फ़िट है, इसी शनिवार तो साहब धुलवाकर ले गए।” मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “डब्बे पर हाथ फेरा, फिर हँसे। बोले, अच्छा अच्छा, मेरे सुनने में ग़लती हुई होगी, अब उमर हो गई। मैंने पंखे के नीचे बिठाया, पानी पिलाया। कहा, छोड़ आता हूँ। नहीं माने। डब्बा यहीं छोड़ गए। बोले, कभी तो लगेगा।”

डब्यावर निळ्या पेननं मराठीत लिहिलेलं होतं, क्लच प्लेट, नवीन. अक्षर वाकडं, ओळीखाली घसरलेलं. हे अलीकडेच लिहिलेलं होतं, दिसत नसताना.

मी डबा घेतला. चाकांचं काम न करताच घरी आलो आणि स्वयंपाकघरात उभं राहून बायकोला सगळं सांगितलं. पेट्रोल पंपापासून डब्यापर्यंत. ती भाजी चिरत होती, ती सुरी ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल. तिनं एकच विचारलं.

“बदलायला काय दिलंत तुम्ही त्यांना?”

“म्हणजे?”

“पँट ओली होती ना त्यांची. लुंगी, टॉवेल, काही? डिकीत तुमचा जिमचा पायजमा असतो.”

होता. फेसाच्या बाटलीच्या खालीच होता. कापड काढताना मी तो हातानं बाजूला सारला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी रोजच्या चार दारांच्या गाडीनं तेलीबागेत गेलो. स्पोर्ट्स कार नेण्याची हिंमत नव्हती. वाटेत मिठाई घ्यावी असं वाटलं, मग लाज वाटली आणि रिकाम्या हातानंच गेलो. काकांनी दार उघडलं, मान थोडी तिरकी करून डोळ्यांच्या कडेनं मला पाहिलं. “ये. चहा ठेवतो.”

“नको काका. आधी ऐका. क्लच गेला नव्हता.”

“ठाऊक आहे मला.”

“मी खोटं बोललो. एप्रिलमध्येही खोटंच.”

“हं.” ते आत गेले आणि चहा ठेवूनच आले. मग त्यांनी विचारलं, “सीट निघाली पूर्ण स्वच्छ?”

“निघाली.”

“मग न्यायचं होतं ना.” आवाजात राग नव्हता. एखादी जोडणी का फसली ते समजून घ्यावं तसं ते बोलत होते. “मेडिकलमध्ये मिळते ते घालायला, मोठ्या माणसांचं. मी आणून ठेवलं होतं. एप्रिलच्या रविवारी सकाळी घालूनही पाहिलं, वरून दिसते का ते. नाही दिसत.”

एप्रिलच्या रविवारी, म्हणजे मी फोन केला त्याच सकाळी.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. माफ करा असं काही तरी असेल. गाडी परत घ्या, असंही बहुतेक म्हणालो, कारण त्यावर ते पहिल्यांदा चिडले. “मी काय करू तिचं? शेडमध्ये बसून हॉर्न वाजवू?” मग शांत झाले. मी म्हणालो, या रविवारी येतो, नक्की येतो. ते म्हणाले, “नको. ऊन फार आहे. पावसाळ्यानंतर बघू.” चहा झाला. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “सांभाळून जा तुम्ही.”

तुम्ही. त्या एका शब्दानं मला उंबऱ्याबाहेर काढलं. तोपर्यंत मी त्यांच्यासाठी तू होतो.

त्यानंतर मी आणि बायको बरेचदा त्यांच्याकडे गेलो. ती थालीपीठ, कधी पुडाच्या वड्या घेऊन जायची. नागपूरसारख्या जमत नाहीत म्हणायची, तर ते म्हणायचे, अगदी तश्शाच झाल्या. तिच्याशी ते हसून-खेळून, ए पोरी करून बोलत. माझ्याशीही बोलत, राजकारण, रेल्वे, गुडघे. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. पाऊस संपल्यावर मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “आता इतकं खाली बसणं जमत नाही मला, तुम्ही जाऊन या.” खरंही असेल.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची मुलगी नागपूरहून आली. बाथरूममध्ये ते एकदा पडले होते, हाड मोडलं नव्हतं, पण आता ती त्यांना एकटं ठेवायला तयार नव्हती. घर आवरायला आम्ही दोघं मदतीला गेलो. माझ्याच वयाची बाई, शाळेत शिकवणारी, वडिलांसारखीच उंच. पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधता बांधता ती मला म्हणाली, “दादा, तुमचे उपकार फार आहेत हो माझ्यावर.”

“कसले उपकार?”

“मी तर यांना गेल्याच उन्हाळ्यात घेऊन जाणार होती. ऐकतच नव्हते. म्हणायचे, मला इथे माणूस आहे, दर महिन्याला फिरायला नेते. महिन्याचा तो रविवार झाला का संध्याकाळी फोन यायचा, आज कुठे गेलो, कितीवर नेली, कुठे चहा प्यालो. जूनमध्ये नाही का तुम्ही बाराबंकीच्या पुढेपर्यंत घेऊन गेले यांना? इतक्या उन्हात! मी रागावली होती तेव्हा. पण आवाज इतका खूश असायचा यांचा.”

काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आमच्यापासून चार हातांवर. त्यांचे कान चांगले होते. त्यांनी मान वळवली नाही.

खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर काका खोटे ठरले असते, तेही मुलीपुढे. ही सबब मी नंतर अनेकदा स्वतःला दिली आहे आणि ती खरी आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात ती नव्हती. त्या क्षणी मला फक्त ती माझ्याविषयी बोलते आहे तसा माणूस व्हायचं होतं, निदान खोक्याला दोरी बांधून होईपर्यंत.

“काही नाही हो त्यात,” मी म्हणालो. “मलाही बरं वाटायचं.”

बायको कपाटातली भांडी कागदात गुंडाळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

दोन दिवसांनी मी त्यांना चारबाग स्टेशनवर सोडलं. रेल्वेचा माणूस म्हणून जेवढं करता येतं तेवढं केलं. व्हीलचेअर सांगून ठेवली होती, खालचा बर्थ मिळवून दिला, डब्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. मुलगी पुन्हा पुन्हा थँक्यू म्हणत होती. काकांनी माझा हात हातात घेतला, एकाच हातानं, आणि म्हणाले, “बरं. आता निघा तुम्ही. गाडीला वेळ आहे अजून.”

मी फलाटावर गाडी सुटेपर्यंत थांबलो, पण त्यांच्या खिडकीपासून लांब, पाण्याच्या नळाजवळ.

ती निळी गाडी अजून माझ्याकडे आहे. विकायचं एकदा ठरवलं होतं, घेणाराही आला होता. त्यानं सीटवरून हात फिरवत, काय ठेवलीय साहब, नवी वाटते, असं म्हटलं आणि मी त्याला काही तरी सांगून परत पाठवला. विकली असती तर शहाणपणा झाला असता की पळपुटेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चालवतो. आवाज चार हजारांच्या वर अजून तसाच मोकळा होतो आणि मला अजून तो आवडतो. हे सांगायला मला सगळ्यांत जास्त जड जातं.

कधी कधी रविवारी मी नागपूरला फोन करतो. त्यांची मुलगी उचलते, आनंदानं बोलते, तब्येत सांगते. आता काकांना कडेचंही कमी दिसतं, दिवसभर रेडिओ ऐकतात. मागच्या वेळी तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि मोठ्यानं म्हणाली, “बाबा, लखनौचे दादा आहेत. बोला ना.” खोलीतला रेडिओ मला ऐकू येत होता. कुणीतरी तो थोडा कमी केला. मी कान फोनला लावून उभा होतो, आणि मग त्यांचा आवाज आला, अगदी सभ्य.

“नमस्कार. सगळे बरे आहेत ना घरी?”

हो म्हणालो. तेवढंच बोलणं झालं.